आधी गाव बोलू द्या: इतिहास मंडळाच्या सहली आणि व्याख्यानं कशी जमवावीत

गावात इतिहास मंडळ काढायचं ठरलं की पहिला ठराव बहुतेक एकच असतो: नागपूरहून एखाद्या प्राध्यापकांना बोलवू. प्राध्यापकांना बोलवायचंच, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी गावातल्या माणसानं बोललं पाहिजे, मग सगळ्यांनी मिळून जागा पाहिली पाहिजे, मग कागद काढले पाहिजेत. हा क्रम उलटला की पहिल्याच दिवशी गाव श्रोता होतं. एकदा श्रोता झालेलं गाव पुढे तोंड उघडत नाही, टाळ्या वाजवतं आणि घरी जातं.

मी नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर आमच्या मंडळाचं काम अंगावर घेतलं. खाली लिहिलंय ते आमच्या भागात चालतं म्हणून लिहिलंय. तुमचं गाव काटोल-नरखेडकडे असेल तर तलावाच्या जागी संत्र्याची बाग आणि विहीर धरा, रीत तीच राहील.

पहिला विषय पाण्याचा

राजे, लढाया, देवळं यांनी सुरुवात करू नका. पाण्याबद्दल ज्याला काहीच सांगता येत नाही असं घर गावात सापडत नाही, म्हणून पहिला विषय पाण्याचा. आमच्या पूर्व विदर्भात त्यासाठी मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. जुन्या मध्य प्रांतात मालगुजार गावाचा सारा भरायचा, आणि गावचा तलाव, रान, पडीक जमीन त्याच्या अखत्यारीत असायची. १९५० च्या कायद्यानं ही पद्धत रद्द झाली, १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. आता लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे. पण तलाव बांधला कोणी, पाणी वाटलं कोणी, पाळ, म्हणजे तलावाचा बांध, फुटली त्या रात्री कोण धावलं, हे कुठल्याच खात्याकडे नाही. ते तलावाच्या काठावर राहणाऱ्यांकडे आहे.

पहिली सहल म्हणजे याच पाळीवरून सकाळचा फेरफटका. गाडी नाही, वर्गणी नाही. सोबत चार माणसं मात्र निवडून घ्या. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातले एखादे काकाजी. पूर्वी पाणी सोडायचं काम ज्यांच्या घरात होतं तिथलं कोणी. धुणं धुवायला रोज येणारी एखादी बाई. आणि पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला ज्याचं शेत आहे तो शेतकरी. या शेवटच्याला विसरू नका. पहिल्या शेताला पाणी मिळायचंच. पाण्याची पाळी कशी ठरायची, ती कोण मोडायचं आणि भांडण कोणासमोर मिटायचं, हे टोकावरच्यालाच नीट माहीत असतं.

चालताना एकानं बोलतं करायचं, एकानं लिहायचं, एकानं फोनवर आवाज टिपायचा. एकच माणूस तिन्ही करू गेला तर तिन्ही अर्धवट होतात.

प्रश्न विचारायची रीत

इथे मी जरा थांबून सांगते, कारण अख्ख्या कामाचं मर्म इथे आहे. म्हाताऱ्या माणसाला ‘इतिहास सांगा’ म्हटलं की ते दबतात. इतिहास म्हणजे पुस्तकातली गोष्ट, आपल्याला कुठली येणार, असं त्यांना वाटतं. ‘आजी, तुमच्या काळी गाव कसं होतं?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘कसं राहीन बापा, असंच होतं.’ तेच, ‘आजी, लग्न होऊन आल्या तवा पाणी कोणत्या विहिरीचं भरत होत्या?’ असं विचारून पाहा. मग एका आजींनी सांगितलं तसं ऐकायला मिळतं: ‘वाड्यातली विहीर गोड होती, पण तिथं आमाले भरू देत नोते. आमी नाल्यात झिरा खणत होतो. पहाटे जो पयले जाईन त्याले निवळ पानी.’ एवढ्या तीन वाक्यांत विहीर आली, जात आली, उन्हाळा आला आणि बाईची पहाट आली.

म्हणून प्रश्न वस्तूचा विचारा, कामाचा विचारा, वाटेचा विचारा. दळण कुठे न्यायचे? पहिली चक्की कोणी आणली? बाजाराला कोणत्या वाटेनं जायचे आणि नाला कुठे ओलांडायचे? बाळंतपणाला कोण यायचं? घराची कवेलू, म्हणजे कौलं, कोणाच्या भट्टीची? उत्तर आल्यावर लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. गप्प बसा. माणूस आपणहून पुढचं सांगतो.

साल मात्र कोणीच सांगत नाही, आणि सांगितलं तर त्यावर विसंबता येत नाही. त्यासाठी गावाला आठवणाऱ्या मोठ्या घटनांच्या खुंट्या वापरा. मालगुजारी गेली ते १९५१. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली ती १४ ऑक्टोबर १९५६. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला नागपूर मध्य प्रदेशच्या राजधानीचं शहर राहिलं नाही. महाराष्ट्र झाला तो १ मे १९६०. मग १९७२ चा दुष्काळ. ‘विहीर बांधली तेव्हा तुम्ही दीक्षेला जाऊन आले होते की नाही?’ असं विचारलं की उत्तर नेमकं येतं. १९५६ ला आईबापाचं बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेली मुलं आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या गावात असं कोणी असेल तर त्यांचं बोलणं आधी टिपून घ्या, बाकीचे विषय मागे राहू द्या.

आवाज टिपण्याआधी विचारा, आणि ते विचारणंसुद्धा टिपणात येऊ द्या. सुरुवातीला स्वतःच बोला: आज तारीख अमुक, गाव अमुक, आपल्यासोबत अमुक आजी आहेत, आजी, हे टिपून घेऊ ना? ‘हो जी’ हा त्यांचा आवाज फाईलमध्येच राहतो. पुढे नातवांनी विचारलं तर उत्तर तयार असतं.

खडूचा नकाशा

आमच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे, जी सगळीकडे नसेल. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं आणि वैनगंगेच्या पाण्याखाली कुही-भिवापूरकडची बरीच गावं गेली. माणसं नवीन गावठाणात आली. तिथे चौकोनी प्लॉट आहेत, सरळ रस्ते आहेत, आणि जुन्या गावातलं काहीच नाही. अशा गावात सहल काढून दाखवायचं काय? पाणी. पाणी दिसतं आणि माणसं त्याकडे बोट दाखवतात, ‘तिथं होतं.’ त्यानं पोट भरत नाही.

त्यासाठी हा उपाय करा. शाळेच्या मोठ्या वर्गातले बाक बाहेर काढा, फरशी पुसून घ्या, चार रंगांचे खडू आणा. मधोमध एकच खूण करा, मारुतीचं देऊळ. मग जुन्या गावच्या माणसांना म्हणायचं, मारुतीकडे तोंड करून उभे राहा आणि आपापल्या घरी चालत जा. जिथे थांबतील तिथे चौकोन काढायचा. पांढऱ्या खडूनं घरं, निळ्यानं पाणी, हिरव्यानं झाडं, लालनं देव आणि मसणवट.

पहिला अर्धा तास पुरुषच बोलतात. चावडी, ग्रामपंचायत, वेशीचा रस्ता एवढं होतं. मग बाया पुढे येतात आणि नकाशा बदलतो. विहिरी सरकतात. दोन घरांमधली बोळ निघते, जिच्यातून विस्तव आणायला जात. कुठल्या घराची ओसरी उन्हाळ्यात गार असायची, पापड कुठे वाळत, पोरीबाळी हादग्याला कोणाच्या अंगणात जमत, ते उमटतं. कुंभाराची भट्टी अलीकडे की पलीकडे यावर वाद झाला तर पुसू नका. दोन्ही जागा काढा आणि बाजूला सांगणाऱ्याचं नाव लिहा.

दोनएक तास लागतात. झाल्यावर शिडीवर चढून वरून फोटो घ्या, जमेल तितका सरळ खाली कॅमेरा धरून, आणि चार तुकड्यांत. त्याच दिवशी एखाद्या चित्रकलेच्या शिक्षकाकडून मोठ्या ड्रॉइंग शीटवर उतरवून घ्या, कारण दुसऱ्या दिवशी शाळा भरते आणि फरशी पुसली जाते. भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाचा जुना नकाशा मिळतो, तो नंतर मागवा. नकाशा आधी समोर ठेवला तर माणसं आठवत नाहीत, वाचायला लागतात.

कागद कुठे आणि कोणते

मालगुजारी भागातल्या गावांसाठी दोन कागद सोन्याचे: वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक. या दोन्हींत मिळून गावच्या वहिवाटी असतात. तलावाचं पाणी कोणाला किती, गुरं कुठे चारायची, जळाऊ लाकूड कुठून आणायचं, जाण्यायेण्याचे रस्ते, स्मशान. पाळीवर ऐकलेलं बोलणं आणि हे कागद शेजारी ठेवून वाचले की डोळे उघडतात. कधी दोन्ही जुळतात, कधी कागदात हक्क दिलेला असतो आणि लोक सांगतात, तो आम्हाला कधी मिळाला नाही. त्या वेळी कागद खरा की माणूस खरा, असा न्याय करू नका. नियम एक होता आणि चालत दुसरंच होतं, हीच नोंद करा.

तहसील कार्यालयात नक्कल मागताना गावाचं जुनं नाव, पटवारी हलका (तलाठ्याचा सजा) आणि बंदोबस्त क्रमांक (सारा ठरवताना गावाला दिलेला नंबर) सोबत न्या, नाहीतर चकरा वाढतात. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीनं तिथेच बसून बघा. पालकांचा व्यवसाय या रकान्यात गावाचं सगळं अर्थकारण असतं. १९०८ च्या नागपूर जिल्हा गॅझेटियरमध्ये मोठ्या गावांच्या छोट्या नोंदी आहेत. ते साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं आहे, हे वाचून दाखवताना सांगा.

कोतवाल बुकाबद्दल एक गोष्ट निक्षून सांगते. त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात, जात असते, मरणाचं कारण असतं. जात पडताळणीसाठी लोक आज त्या शोधत फिरतात, म्हणून तो कागद अजून जिवंत आहे. सभेत त्यातली नावं वाचायची नाहीत. कुठल्या साली देवी किंवा पटकीनं किती मरणं झाली, एवढं आकड्यात सांगा. घराण्याची नोंद ज्या घराची असेल त्या घरीच जाऊन दाखवा.

घरात मोडी लिपीतला कागद निघाला तर लॅमिनेशन करू नका. तो पुन्हा सुटा होत नाही. सुती कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवा, फोटो काढा, आणि नागपुरात मोडी वाचणाऱ्यांकडे फोटोच न्या. आणि कोणताही जुना पत्रा, भांडं, ताम्रपट भंगारात देण्याआधी पाच माणसांना दाखवा. वाकाटक हे विदर्भातलं जुनं राजघराणं; त्यांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, दिलेला ताम्रपट पुण्यात एका तांबटाकडे मिळाला. तो वितळला असता तर आपल्या रामटेक-नगरधनच्या इतिहासाचं एक पानच गेलं असतं.

गावाबाहेरची सहल

आपलं गाव एकदा पायाखाली आलं की मग बाहेर पडायचं. आमच्याकडे हंगाम दिवाळी ते महाशिवरात्र. पावसाळ्यानंतर लगेच निघालात तर काळी माती बुटाला धरते, तरोट्याचं तण कमरेएवढं असतं आणि दगड दिसतच नाहीत. मार्चपासून ऊन तापतं आणि मेमध्ये नागपूरचं ऊन म्हाताऱ्यांना घेऊन फिरायचं नसतं. जागेवर सूर्योदयाच्या सुमारास पोचायचं, अकरा-साडेअकराला परतीला लागायचं.

मंडळातल्या दोघांनी आठवडाभर आधी जाऊन यायचं, आणि तेही त्याच वेळेला. उन्हाची दिशा कळते, गाडी कुठे वळते कळतं, शेतात तूर उभी आहे की कापूस वेचणीला आलाय ते कळतं. शेत ज्याचं आहे त्याला भेटा. ‘भाऊ, आम्ही पंचवीस जण येतो, धुऱ्यावरूनच चालू,’ असं सांगून ठेवलं की तो स्वतः दाखवायला येतो. त्याला पाहुणा करा, पहिलं बोलणं त्याचंच ठेवा.

आणि बायकांच्या स्वच्छतागृहाची सोय आधी पाहा. कुठली शाळा, कुठला पेट्रोल पंप, कोणाचं घर, हे नावानिशी ठरलेलं असावं आणि निघण्याआधी सगळ्यांना सांगितलेलं असावं. नाहीतर बाया ‘मला काम आहे’ म्हणतात आणि येत नाहीत. कारण दुसरंच असतं.

पहिल्या बाहेरच्या सहलीला जुनापाणी. नागपूरहून काटोल रोडनं शहर सुटल्यावर थोड्याच अंतरावर आहे. मोठमोठे दगड गोलात मांडलेले, मध्ये खडीमातीचा उंचवटा, असे शेकडो गोल. ही लोहयुगातली दफनं आहेत, ढोबळ मानानं अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात यातली काही उकरली, पुढे १९६१ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. आत काळी-तांबडी मडकी, लोखंडाची हत्यारं मिळाली. जवळच्या माहुरझरीला मणी मिळाले आणि घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने मिळाले. पारशिवनीकडच्या नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली.

हे सगळं गाडीतच सांगून टाकू नका. तिथे पोचल्यावर आधी काहीच सांगायचं नाही. प्रत्येकानं एक गोल निवडायचा, त्याभोवती एक फेरी मारायची आणि एक गोष्ट बघून यायची. काही दगडांवर बोटाच्या पेराएवढे वाटोळे खळगे आहेत, ओळीनं कोरलेले. ऊन डोक्यावर आलं की ते पुसल्यासारखे दिसेनासे होतात. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र प्रत्येक खळग्यात अर्धी सावली भरते आणि ओळ उठून येते. सोबत पाथरवट किंवा लोहारकामातला माणूस असेल तर त्याला विचारा, हे कशानं कोरलं असेल, किती वेळ लागला असेल. आमच्यासोबतचे एक काका खाली बसले, बराच वेळ खळग्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘हे ठोकून केलं जी, मंग घासलं. कड पाहा, कुठंच तुटली नाही.’ त्या दिवशी कागदावर उतरवण्यासारखं वाक्य मला तेच वाटलं.

खळग्यात खडू भरू नका, दगड हलवू नका, खापर खिशात घालू नका. संरक्षित जागा आहे, आणि संरक्षित नसती तरी हेच सांगितलं असतं.

रामटेक, नगरधन आणि मनसर एकाच दिवशी करायचा मोह होतो. करू नका. गडावर गेलं की दर्शनाची रांग, माकडं, प्रसाद यातच दिवस जातो. नगरधनला स्वतंत्र सकाळ द्या. हेच वाकाटकांचं नंदिवर्धन. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा गेला, मुलं लहान होती, तेव्हा पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तिनं इथून राज्य चालवलं. अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा इथे सापडली, शंखाच्या चिन्हासह. ही गोष्ट सरपंच बाईंना सांगायला लावा, प्राध्यापकांना नव्हे. बायकांच्या बचत गटासमोर ती कशी पोचते ते पाहाल. गडावरचं केवल नरसिंह मंदिर आणि त्यातला वाकाटककालीन शिलालेख, मनसरची टेकडी, हे दुसऱ्या खेपेला.

कुहीवाल्यांसाठी एक सहल उलट्या दिशेची आहे. आमच्याच तालुक्यातल्या मांढळला नागपूर विद्यापीठानं १९७० च्या दशकात उत्खनन केलं, वाकाटक काळातल्या मूर्ती निघाल्या, आणि त्या विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागाच्या संग्रहात आहेत. आपल्या मातीतलं काय तिथे ठेवलंय हे मांढळच्या पोरांनी जाऊन पाहिलं पाहिजे. आधी विभागाला पत्र द्या, तारीख घ्या, मग निघा. त्याच दिवशी अजब बंगला होतो. १८६३ पासूनचं हे मध्यवर्ती संग्रहालय, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

शहरात फिरायचं तर २६ जानेवारी. सीताबर्डीचा किल्ला सैन्याकडे आहे आणि आपल्याला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशीच आत जाता येतं. एक भर उन्हात, एक पावसात, म्हणून जानेवारीचाच धरा. शाळेचं झेंडावंदन करून निघायचं. दोन टेकड्यांमधली जागा वरून दाखवा: २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला भोसल्यांची फौज आणि इंग्रज इथे भिडले, लहान टेकडी भोसल्यांच्या अरब शिपायांनी घेतली होती, आणि तरीही दुसऱ्या दिवशी लढाई गेली. तिथून महाल या जुन्या वस्तीत जायचं. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं १७०२ च्या सुमारास वसवलेलं नागपूर, चांद सुलतानाचा जुम्मा तलाव म्हणजे आजचा गांधीसागर, जुम्मा दरवाजा म्हणजे गांधी गेट. गोंड कुटुंबातला कोणी सभासद असेल तर हा भाग त्याच्या तोंडून होऊ द्या.

व्याख्यान

सहलीनंतर दहा-पंधरा दिवसांच्या आत व्याख्यान ठेवा, पाहिलेलं ताजं असतं. जागा शाळाच. देवळाचा सभामंडप मोठा असतो, फुकट असतो, पण तिथे पाय ठेवताना ज्याच्या मनात किंतु येतो असं एकही घर गावात असेल तर ती जागा इतिहास मंडळाची नाही. वेळ रात्री आठची. धारा काढून झालेल्या असतात, बायांचा स्वयंपाक आटोपलेला असतो. दोन सतरंज्या जास्तीच्या टाका, दारापाशी घुटमळणाऱ्या बाया आत बसतात.

आधी गावातले दोघं, दहा-दहा मिनिटं. तलावाबद्दल काकाजी, नकाशाबद्दल एखादी बाई. त्यानंतर पाहुणे, चाळीस मिनिटं. पाहुण्यांना महिनाभर आधी तीन प्रश्न लिहून पाठवा, आपल्या सहलीतून निघालेले: हा तलाव किती जुना असू शकेल, हे कशावरून सांगता येईल, पाळीवरची शिळा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची शिळा) आहे की सतीशिळा. फोटो आणि मापं सोबत द्या. जाणकार माणसाला गावानं इतकी तयारी केलेली दिसली की तोही तयारीनं येतो. शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, मनोगत यात पाऊण तास घालवू नका. जाण्यायेण्याचा खर्च पाकिटात आधीच द्या, जेवण घरचं द्या, आणि परतीची सोय करा. कुहीहून रात्रीची बस मिळेल या भरवशावर कोणाला ठेवू नये.

वीज जाणार हे गृहीत धरा. प्रोजेक्टर बंद पडला तरी चालेल असे आठ-दहा मोठे छापील फोटो हाताशी असू द्या. मला तर तेच जास्त आवडतात. हातोहात फिरतात, आजी चष्मा लावून जवळून बघतात आणि मध्येच म्हणतात, ‘हे दगड त आमच्या वावरात बी हाये.’ पुढची सहल तिथेच ठरते.

वाद होतील. गाव कोणी वसवलं, गढी कोणाची, देव आधी कोणाचा होता. मतदान घेऊन इतिहास ठरवायचा नाही. ज्यानं जे सांगितलं ते त्याच्या नावानं लिहा, आधार काय तेही लिहा: स्वतः पाहिलं, आजोबांकडून ऐकलं, कागदात आहे. देवळाखालून भुयार थेट रामटेकपर्यंत जातं, ही गोष्ट आमच्याकडे गावोगाव सांगतात. तिला हसायचं नाही. ‘अशी आख्यायिका आहे, अमुक आजोबांनी सांगितली’ म्हणून मानानं उतरवून घ्यायची.

काही सापडलं तर

शेततळं खोदताना, नांगरताना, घराचा पाया घेताना खापरं, नाणी, मूर्ती निघतात. काम थांबवा. धुवू नका, घासू नका, शेंदूर लावू नका. आहे तिथेच शेजारी सहा इंची पट्टी ठेवून फोटो घ्या आणि तहसीलदारांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं, आणि जुन्या वस्तूंचा व्यवहार १९७२ च्या कायद्यानं बांधलेला आहे. पूजेत असलेल्या मूर्तीवर शेंदराचे थर असतील तर ते काढायला सांगू नका. देव त्यांचा आहे. माप घ्या, फोटो घ्या, नमस्कार करा.

आडरानातली शिळा, एकटं पडलेलं देऊळ, दगडांचे गोल यांची नेमकी जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका. गुप्तधनाच्या नादानं खणणारे लोक आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्या हाताखाली वीरगळ फुटतात. गावाचं नाव पुरे. गट नंबर मंडळाच्या वहीत.

वही आणि पैसे

पैशाचं थोडक्यात. सहलीची गाडी वर्गणीतून, शाळकरी मुलांना आणि सत्तरीपुढच्यांना फुकट, हिशेब दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर. नोंदणीची घाई नको. सात माणसं मिळून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली ती करता येते, पण बँकेत खातं आणि अनुदान लागेल तेव्हा करा. आधी मंडळ चालू द्या.

वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. जाड पुठ्ठ्याची, पानांना नंबर घातलेली. प्रत्येक सहलीला एक पान: तारीख, जागा, कोण आलं, कोणी काय सांगितलं, काय पाहिलं, काय मोजलं, कुठला प्रश्न राहिला. ज्यानं सांगितलं त्याला त्याच आठवड्यात घरी जाऊन वाचून दाखवा. चुकलेलं तिथेच दुरुस्त होतं, आणि निम्म्या वेळा आणखी दोन गोष्टी निघतात. आवाजाच्या फाईलला नाव देताना तारीख, गाव आणि विषय एवढं लिहा, फोन बदलायच्या आधी पेनड्राइव्हवर घ्या. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत, आणि तिसरी अशा घरी जिथे पुढची पिढी गावातच राहणार आहे.